मे महिन्यातली काई

रायपूरला आमचं सामान उतरलं त्या दिवशी फ्रिज उचलून आणणाऱ्या हमालांना घरमालकीणबाईंनी लॉनवर पाय ठेवू दिला नाही. आम्ही भाड्यानं घेतलेल्या खोल्या मागच्या अंगाला होत्या आणि फाटकातून तिकडे सरळ जायचं तर लॉन ओलांडावं लागे. बाईंनी त्या बिचाऱ्यांना कुंपणाच्या भिंतीला अंग घासत, कर्दळीच्या रांगेमागून, पूर्ण वळसा घालून न्यायला लावलं. त्या स्वतः लॉनच्या काठावर हातात मिटलेली छत्री आडवी धरून उभ्या होत्या. एक हमाल म्हणाला, दूबच आहे, दबली तर परत उठेल; हरळीला तिकडे दूब म्हणतात. बाई म्हणाल्या, "दुबीची चिंता नाही मले." मग कशाची होती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि हमालांनीही विचारलं नाही.

मी त्यांना काकू म्हणायला लागले. सत्तरीच्या पुढच्या, शिडशिडीत, पाठीला अजिबात बाक नसलेल्या. त्यांच्या सासरचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इकडे आलं आणि इथलंच झालं. माहेर भंडाऱ्याकडचं. त्यामुळे बोलणं आमच्या अमरावतीसारखंच, फक्त मध्येच हिंदी यायची आणि होकार द्यायचा असला की छत्तीसगढी 'हव' यायचं. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा बंगळूरला. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी माती तपासायच्या एका सरकारी प्रयोगशाळेत काढली होती. निवृत्त झाल्यावर लोक देवाधर्माला लागतात. काकू लॉनला लागल्या, असं पाऱ्यातले लोक म्हणत. पारा म्हणजे मोहल्ला. आमचा जुना, मोठाल्या झाडांचा आणि ऐसपैस प्लॉटांचा.

पण त्यांचं लॉनशी वागणं बागकामासारखं नव्हतं. सकाळी सगळे चहा घेत असायचे तेव्हा काकू स्वेटर विणायची लांब सुई घेऊन बाहेर पडायच्या. लॉनच्या काठाकाठानं चालायच्या, अधूनमधून वाकून सुई मातीत खुपसायच्या, बाहेर काढून दोन बोटांनी पुसायच्या आणि बोटं नाकाशी न्यायच्या. मधोमध त्या कधीच जात नसत. मधलं गवत कापायचं असलं तर मशीनला दोरी बांधून या काठावरून त्या काठाला ओढून घ्यायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसूच आलं. माझा नवरा नवा रायपूरमधल्या एका कार्यालयात जायचा. त्यानं तर आल्या आठवड्यात सांगून टाकलं की म्हातारी बाई भली आहे, पण जरा फिरलेली आहे.

घरात येणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला, "कुठून आले?" म्हणजे गाव नव्हे, फाटकापासून दारापर्यंत कुठून चालत आले. लॉनवरून आलेल्याला त्या पाणीसुद्धा देत नसत, आधी चपला उलट्या करून तळ बघायच्या. समोरच्या बंगल्यातल्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा त्या लोकांनी हळदीच्या कार्यक्रमासाठी काकूंचं लॉन मागितलं. मंडप टाकायचा, नाचगाणं व्हायचं. काकू नाही म्हणाल्या. कारण विचारलं तर पुन्हा नाहीच म्हणाल्या. त्या लोकांनी ते मनात धरलं. गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात मला त्या मुलीच्या आईंनी गाठलं आणि म्हणाल्या, तुमच्या काकूंना दुसऱ्याचा आनंद बघवत नाही. काकूंना मी हे सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्हणू दे. नाचले असते तर मी काय केलं असतं?"

काईबद्दल मात्र त्या विचारलं की मोकळ्या व्हायच्या. पुस्तकी मराठीत ज्याला शेवाळ म्हणतात त्याला इथे सगळे काई म्हणतात. पावसाळ्यात रायपूरच्या भिंती, पायऱ्या, पाण्याच्या टाक्या, सगळं काईनं हिरवं होतं, तसं लॉनही होतं. समोरचे साहेब, त्याच मुलीचे वडील, बँकेतून निवृत्त झालेले. लग्नाचा राग विसरून ते एका पावसाळ्यात आले, कारण त्यांचं लॉन काईनं खाल्लं होतं. त्यांनी कपडे धुवायची पावडर टाकून पाहिली होती. काई राहिली आणि दूब तेवढी जळाली होती. काकूंनी त्यांना ओट्यावर बसवलं आणि प्रयोगशाळेत नव्या माणसाला शिकवावं तसं शिकवलं. काई दुबीला मारत नाही, दूब जिथून उठून गेली तिथं काई येऊन बसते. तेव्हा दूब काहून गेली ते आधी पाह्यचं. तुमच्या आंब्याची सावली दिवसभर पडते, त्या फांद्या कमी करा. तुमची माती मटासी, पिवळी चिकण, कार उभी करून करून ती विटेसारखी बसली आहे, तिला सब्बलीनं, पहारीनं, भोकं पाडून रेती भरा. गवत मुळापर्यंत कापू नका, मशीन वर घ्या. माती आंबट झाली असेल, तपासून मग चुना टाका, अंदाजानं नाही. आणि घाई असेल तर हिराकस पाण्यात कालवून शिंपडा, काई काळी पडेल, मग लोखंडी पंज्यानं खरवडून काढा.

साहेबांनी विचारलं, परत येणार नाही ना? काकू म्हणाल्या, "येइन ते परत. तुम्ही काई काढान, कारण नाही काढणार, तर येइन."

त्यांनी हिराकस टाकला. सकाळी समोरच्या लॉनवर जागोजागी काळे डाग पडले होते. जळल्यासारखे. काकू आमच्या फाटकातून ते बघत होत्या आणि मी त्यांच्या शेजारी उभी होते. मला आठवतं, त्यांनी माझं मनगट धरलं होतं. बोटं गार होती. मी विचारलं, तुम्ही आपल्या लॉनवर हिराकस का नाही टाकत? त्या म्हणाल्या, "आपल्या काईला काळी करून टाकली तर मले कसं समजन?" काय समजायचं होतं, ते मी त्या वेळी विचारलं नाही.

पाऊस संपला की काई मागे सरायची. दिवाळीच्या सुमारास ती भिंतीच्या सावलीपुरती उरायची. उन्हाळ्यात तर रायपूरचं ऊन असं की दूबसुद्धा पिवळी पडते, काईचं नाव राहत नाही. काकूंचा तो काळ जरा बरा जायचा. त्या सदर बाजारात जायच्या, कापड आणायच्या, माझ्याकडे येऊन बसायच्या. पण चेहरा मोकळा व्हायचा नाही. दुखणं उतरलेल्या माणसाला ते पुन्हा येणार हे ठाऊक असतं, तसा दिसायचा.

तिथे आमचा तिसरा उन्हाळा होता. मी एका शाळेत शिकवत होते, सुट्ट्या लागल्या होत्या. आमच्या खोल्यांसमोर, लॉनच्या मागच्या भागात, आंब्याच्या खोडापासून एका लोखंडी खांबापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी होती. ती आधीच्या भाडेकरूंनी बांधलेली. तेवढ्यासाठी मी कपडे घेऊन कडेकडेनं जाऊन तिथे उभी राहायचे आणि काकूंना ते आवडत नाही हेही मला माहीत होतं. त्या दिवशी मी कपडे टाकून घरात गेले, पुन्हा बादली न्यायला बाहेर आले तर काकू कापड कापायच्या मोठ्या कात्रीनं दोरी कापत होत्या. आंब्याच्या खोडापाशी उभ्या राहून, दोन्ही हातांनी. दोरी तुटली आणि ओले कपडे, चादरी, नवऱ्याचे शर्ट, सगळं मातीत पडलं.

मला फार राग आला. मी म्हटलं, "काकू, काहून कापली?"

"उद्यापासून गच्चीवर टाकत जाय. तिथं उभी नोको राहू."

मी म्हटलं, असं असेल तर आम्ही दुसरी जागा बघतो. कपडे उचलायला मी निघाले तर त्या इतक्या जोरात ओरडल्या की मी जागच्या जागी थांबले. त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, "कपडे राहू दे. मी दुसरे घेऊन देतो तुले. खाली पाह्य फक्त."

मी पाहिलं. दोरीच्या खाली, जिथे मी रोज बादली ठेवून उभी राहत होते, तिथे काई होती. सगळं लॉन वाळून काड्या झालेलं, माती तडकलेली, आणि तेवढ्यात ताटासारखा एक गोल हिरवागार, ओला, मखमलीसारखा. ताटापेक्षा बराच मोठा. बैलगाडीच्या चाकाएवढा म्हणा. मे महिना होता. इतके दिवस मी त्याच्यावर उभी होते आणि मला वाटत होतं, कपड्यांचं पाणी गळतं म्हणून असेल.

काकूंनी मला ओट्यावर बसवलं आणि सांगितलं. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, अंगणात जपून चाल, कुठंतरी विहीर आहे. कुठं, ते सासूलाही माहीत नव्हतं. सासू बाळंतपणाला माहेरी गेली होती, त्या काळात घरात नळ आला आणि सासऱ्यांनी विहीर बंद करून टाकली. सासू मूल घेऊन परत आली तर अंगण सपाट. सासरे तापट, त्यांना कोणी विचारलं नाही आणि ते गेले. ते मूल म्हणजे काकूंचे यजमान. घरातल्या जुन्या कामवाल्या बाईनं सासूला एवढंच सांगितलं होतं की विहीर भरली नव्हती. वर लाकडाच्या बल्ल्या टाकल्या, बल्ल्यांवर फर्श्या आणि त्यावर माती.

पुढे यजमानांनी जुनं घर पाडून मागं सरकवून नवं बांधलं. काकूंनी हात जोडून सांगितलं, आधी विहीर शोधा. ते हसले. बुजवली म्हणजे बुजवली, म्हणाले. काकूंनी पुन्हा विषय काढला की ते चारचौघांत त्यांची थट्टा करायचे, आमच्या घरी पाताळात जायची वाट आहे म्हणायचे. मग काकूंनी विषय काढणं बंद केलं. त्यांनी अंगणभर दूब लावली. फुलझाडं लावली असती तर कोणीतरी रोज त्यात वावरलं असतं. आणि गवत बोलतं, हे त्यांना प्रयोगशाळेनं शिकवलं होतं. कुठं पाणी मुरतं, कुठं माती पोकळ आहे, कुठं बसते आहे, गवत ते दाखवतं आणि गवताच्या आधी काई दाखवते.

"ओल्या मातीत लाकूड किती टिकन, सांग," त्या म्हणाल्या. "मी रोज सकाळी उठून हेच विचार करतो. कुठं आहे ते समजत नव्हतं. पावसाळ्यात काई सगळीकडंच राहते, काही पत्ता लागत नाही. यंदा समजलं."

मी त्या खांबाकडे बघत राहिले. माझे तळपाय मला वेगळे जाणवायला लागले. तिथे उभं राहून मी ओल्या चादरी झटकायचे, टाचा उचलून दोरीला हात पोचवायचे, पुन्हा टाचा आपटायचे.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, मोठी माणसं असतात अशी, तू तरी सावर. पण दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तो काही न बोलता भिंतीच्या कडेनं गेला. मी खिडकीतून पाहिलं.

त्यानंतरचे दिवस मला नकोसे झाले. काकूंनी तो गोल मध्ये ठेवून भोवती मोडक्या खुर्च्या उलट्या मांडल्या आणि त्यांना जुनी लाल साडी गुंडाळून कुंपण केलं. लोक फाटकातून डोकावून विचारायचे, काय आहे? काकू सांगायच्या, काई. लोक एकमेकांकडे बघून जायचे. एकदा त्यांनी मला खुर्च्यांच्या बाहेर पालथं झोपायला लावलं, हात लांबवून सुई खुपसायला सांगितली. इतर ठिकाणी त्या कडक मातीत सुईचं टोकसुद्धा जात नव्हतं. इथे मी दाबायच्या आधीच ती मुठीपर्यंत आत गेली. मी हात असा मागे घेतला की सुई तिथेच राहिली. मग काकूंनी काठीला बांधलेल्या वाटीनं थोडं पाणी त्या काईवर ओतलं. पाणी साचलं नाही, वाहिलंही नाही. नाहीसं झालं. काकू माझ्याकडे बघत होत्या.

त्यांनी ठेकेदाराला बोलावलं. तो कानाला फोन लावूनच आला, साडी ओलांडून सरळ त्या गोलावर गेला आणि तिथे उभा राहून बोलत राहिला. त्यांनी त्याला हाक मारली नाही. दचकून उडी मारली तर, अशी भीती त्यांना वाटली, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्याचं फोनवरचं बोलणं संपेपर्यंत आम्ही दोघी जागेवरून हललो नाही. तो गोलातून बाहेर आला आणि म्हणाला, कुछ नहीं है दीदी, पाइप लीक होगा कहीं, खोदना पड़ेगा. काकू म्हणाल्या, कोणी वर उभं न राहता खोदता येत असेल तर खोदा. तो हसला आणि पुन्हा आला नाही.

शेवटी काकूंनी मुलाला फोन केला. त्याचं लहानपण याच लॉनच्या कडेकडेनं गेलं होतं. मित्रांना घरी आणायची त्याला लाज वाटायची, कारण आई त्यांना भिंतीला लागून रांगेनं चालायला लावायची. त्याला मराठी समजायची, उत्तर तो हिंदीतच द्यायचा. विहिरीची गोष्ट त्यानं वडिलांच्या तोंडून थट्टा म्हणूनच ऐकली होती. फोनवर तो बराच वेळ बोलला. फोन ठेवल्यावर काकूंनी मला सांगितलं की तो पावसाच्या आधी येतो आहे आणि सगळं लॉन काढून सिमेंटचे ठोकळे बसवणार आहे. दूबच राहणार नाही म्हणजे काईपण राहणार नाही, आणि तुझा वहमही राहणार नाही, असं म्हणाला.

"ठोकळे टाकले म्हणजे विहीर जाते काय?" काकू म्हणाल्या. "वर गाडी उभी करन तो आपली. आत बसून."

तो आला. मोठा, देखणा, आईसारखाच ताठ माणूस. माझ्याशी अगदी अदबीनं बोलला. त्यानं खुर्च्या उचलून बाजूला ठेवल्या, साडीची घडी घातली आणि आईच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी खडी भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर फाटकात उभा राहिला. ट्रॅक्टर लॉनवरून मागे न्यायचा होता. काकू ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मुलाला काही सांगितलं नाही, चालकाकडे वळून त्याला हिंदीत म्हणाल्या की बेटा, आत जुनी विहीर आहे, झाकण सडलं आहे, तू घरी जाणार आहेस की नाही ते तूच ठरव. तो मधल्या वयाचा माणूस होता. त्यानं मुलाकडे पाहिलं, मग लॉनकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

मुलाचा संयम तिथे सुटला. मी मध्ये पडले, म्हटलं, भैया, सुई पूर्ण आत जाते, मी स्वतः पाहिलं आहे. त्यानं ऐकून घेतलं. मग आईला म्हणाला, "मम्मी, पूरी ज़िंदगी तुमने हमको डराया. आज मैं दिखा देता हूँ, कुछ नहीं है." आणि तो लॉनवरून सरळ चालत गेला. लहानपणापासून कधी नसेल गेला, तसा. त्या हिरव्या गोलावर उभा राहिला आणि बुटाचा पाय जोरात आपटला. काही झालं नाही. त्यानं आमच्याकडे बघून पुन्हा पाय आपटला.

आवाज मोठा झाला नाही. ओली फांदी मोडते तसा झाला. त्याचा एक पाय मांडीपर्यंत आत गेला, तो पुढे तोंडावर पडला आणि मग त्याच्याखालची जमीन हळूच खाली बसली. कमरेपर्यंत तो आत होता, छाती आणि कोपरं गवतावर. त्याच्या तोंडावर काय होतं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. तो आईकडे बघत होता.

मी किंचाळले असेन. काकू नाही किंचाळल्या. त्या लॉनच्या कडेला गुडघ्यांवर बसल्या आणि अगदी हळू, लहान मुलाला झोपवताना बोलतात तशा आवाजात बोलल्या.

"हलू नोको. पाय नोको मारू. छाती टेकव खाली. हात पसर. हव, अस्सा. मी आहे इथं."

तो ऐकत गेला. बहुतेक जन्मात पहिल्यांदा ऐकत होता. आंब्याच्या फांद्या छाटायची बांबूची शिडी खोडाला टेकलेली होती. काकूंनी नजर न हलवता मला म्हटलं, "शिडी." मी आणि ट्रॅक्टरवाल्यानं ती लॉनवर आडवी टाकली आणि सरकवत त्याच्या हातांपर्यंत नेली. ट्रॅक्टरवाला शिडीवर पालथा झाला, आपला गमछा त्याच्या काखेतून घातला. मी शिडीच्या या टोकावर सगळं वजन टाकून बसले होते आणि शिडी माझ्याखाली थरथरत होती. ओढताना त्याचा बूट कुठंतरी अडकला. तेवढा एक क्षण कोणीच काही केलं नाही. मग बूट सुटला आणि तो शिडीवर आला, सरपटत काठावर आला.

तो काठावर आला आणि मागची जमीन गेली. काई, दूब, माती, दोरीचा लोखंडी खांब, सगळं एकदम खाली गेलं. फर्श्या आपटल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, आणि मग खूप खालून पाण्याचा आवाज आला. वर वास आला. बंद डब्यातल्या, फार जुन्या पाण्याचा. तो वास आजही कधी कुठल्या तळघरात आला की मी बाहेर निघून येते.

काकू मुलाच्या शर्टाला लागलेली काई बोटांनी काढत होत्या. एकेक हिरवा तुकडा वेचून बाजूला ठेवत होत्या. पाहिलंस ना, असं त्या म्हणतील याची मी वाट पाहत होते. त्यांनी ते तेव्हाही म्हटलं नाही आणि पुढेही कधी म्हटलं नाही.

नंतर सगळं रीतसर झालं. विहीर तळापासून दगड आणि मुरूम टाकून, थराथरानं ठोकून भरली. त्याआधी कडा खोदताना तोंडाशी नळाचा एक जुना, सगळ्यांच्या विस्मरणात गेलेला पाइप सापडला. तो अलीकडे कधीतरी फुटला असावा, थेंब थेंब गळत होता. वरची माती ओली राहत होती आणि खालची धुवून विहिरीत जात होती. मुलगा महिनाभर सुट्टी वाढवून राहिला. तो दिवसा खिडकीजवळ बसायचा आणि कोणी लॉनच्या बाजूला गेलं की उठून उभा राहायचा. पाऱ्यात तर सगळ्यांनाच धास्ती बसली. जुन्या घरांमध्ये कुठे कुठे विहिरी होत्या, कोणालाच नक्की सांगता येईना. समोरचे साहेब काठी आपटत आपल्या लॉनवर फिरू लागले. ज्यांच्या अंगणात काई दिसली ते काकूंना बोलवायला यायचे, आणि काकू जोडीतली दुसरी सुई घेऊन जायच्या. बहुतेक ठिकाणी नुसती सावली आणि दाबलेली माती असायची. तसं त्या सांगायच्या. लोकांचा विश्वास बसायचा नाही. परत विचारायचे, नक्की ना?

पावसाळा सरल्यावर एकदा आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. मी विचारलं, "काकू, आता तरी गेली का भीती?"

त्यांनी विचार केला. खोटं उत्तर द्यायचं नाही म्हणून करतात तसा.

"भेव कायचं जाते वो," त्या म्हणाल्या. "पण पहिले मी एकटीच भ्यायची. जेवताना, झोपताना, पोरगा खेळायला गेला की. कोणाले सांगायची सोय नव्हती. आता सगळे भितात तर मले थोडं हलकं वाटून राहिलं. चांगलं नाही हे, मले समजते."

तेवढ्यात आत फोन वाजला आणि काकू उठून आत गेल्या; उघड्या दारातून मला त्या दिसत होत्या. मुलगा बंगळूरला परत गेला होता आणि आता रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायचा. पूर्वी सणावाराला करायचा. तो तिकडून काय विचारायचा ते मला काकूंच्या उत्तरांवरून कळायचं. हव, भिंतीपाशी थोडी आहे. हव, सुई टाकून पाहिली. नाही, नाही गेली आत. हव, वास घेतला. तो पुन्हा पुन्हा तेच विचारत असावा, कारण त्याही पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या, न कंटाळता, एकेक गोष्ट सावकाश. मग तिकडून आणखी काहीतरी विचारलं गेलं आणि काकू थांबल्या. पदर सावरून त्या खुर्चीवर नीट बसल्या.

"हव बाप्पा," त्या म्हणाल्या, "लागते अजून भेव. तू फोन करत जाय."